दह्याची वाटी आणि दम्याचा पंप



आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. गेल्या दोन-तीन भागांनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे आला. बडोद्याच्या एका ताईंनी विचारलं, मुलाला ॲलर्जीचा दमा आहे, कुणीतरी प्रोबायोटिकची पाकिटं सुचवली, महिन्याला बरेच पैसे जातात, चालू ठेवू का? इंदूरचे एक आजोबा म्हणतात, दम्याला दही वर्ज्य असं आयुष्यभर ऐकलं आणि आता नातू म्हणतो दह्यानेच दमा जातो, मग खरं काय? हैदराबादहून एका गृहस्थांनी तर सरळ विचारलं, कॅप्सूल सुरू केल्यात, आता पंप कधी बंद करू?

या शेवटच्या प्रश्नामुळे हा भाग इतर सगळे विषय मागे ठेवून आधी केला.

मी डॉक्टर नाही, हे दर वेळी सांगतो तसं आजही सांगतो. मी फौजी माणूस. पण फौजेत एक सवय हाडात मुरते. गस्तीवरून खबर आली की आधी विचारायचं, कुणी पाहिलं, किती अंतरावरून पाहिलं, आणि दुसऱ्या गस्तीलाही तेच दिसलं का? वैद्यकातल्या बातम्या वाचताना मी हेच तीन प्रश्न विचारतो. या विषयात ते फारच उपयोगी पडतात, कारण इथे खबरा भरपूर आहेत, आणि दुसऱ्या गस्तीला तेच दिसलं असं मात्र कमी वेळा घडलंय.

आधी शब्द. प्रोबायोटिक म्हणजे काय, याची व्याख्या २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी अर्जेंटिनात बसून केली. पुरेशा प्रमाणात घेतल्यावर घेणाऱ्याच्या प्रकृतीला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव, असा तिचा अर्थ. यात अटी तीन आहेत. जीव जिवंत हवेत, पुरेसे हवेत आणि फायदा दिसलेला हवा. आपलं घरचं दही पहिली अट पूर्ण करतं, बहुतेक वेळा दुसरीही करतं, पण तिसरीसाठी विरजणात नेमका कोणता जिवाणू आहे हे ठाऊक असावं लागतं. शेजारच्या काकूंकडून आणलेल्या विरजणाची वंशावळ कुणी लिहून ठेवलेली नसते. म्हणून शास्त्रज्ञ दह्याला उत्तम अन्न म्हणतात, पण सरसकट प्रोबायोटिक म्हणत नाहीत.

प्रीबायोटिक हा शब्द १९९५ साली गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या दोघांनी रूढ केला. हे जिवंत नसतं. आपल्याला न पचणारे, पण मोठ्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना खाद्य म्हणून चालणारे पदार्थ म्हणजे प्रीबायोटिक. कांदा-लसणातलं इन्युलिन, कडधान्यांतल्या काही साखरा, जवातलं बीटा-ग्लुकन ही उदाहरणं. माझ्या भाषेत सांगायचं तर प्रोबायोटिक म्हणजे नव्याने पाठवलेली कुमक, आणि प्रीबायोटिक म्हणजे आधीपासून मोर्चावर असलेल्या जवानांना पाठवलेली रसद. दोन्ही एकत्र दिलं तर त्याला सिनबायोटिक म्हणतात.

कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलं, की बल्गेरियातले शेतकरी आंबवलेलं दूध पितात आणि दीर्घायुषी होतात. याच मेचनिकॉफना १९०८ साली नोबेल मिळालं. ते मात्र दह्यासाठी नव्हतं, शरीरातल्या भक्षक पेशींच्या शोधासाठी होतं. कुठल्याही दह्याच्या जाहिरातीत त्यांचं नाव आणि नोबेल एका वाक्यात दिसलं, तर हे लक्षात असू द्या.

आता ॲलर्जीचा दमा. धुळीतले बारीक किडे, झुरळांचा चुरा, परागकण, बुरशी, मांजराच्या अंगावरचा कोंडा, या गोष्टी मुळात निरुपद्रवी. पण काही जणांच्या शरीरातली पहारेकरी यंत्रणा त्यांना शत्रू समजते. आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार होतात आणि मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा तोच कण श्वासातून आला की या पेशी फुटतात, हिस्टामिन आणि त्याच्या जोडीची रसायनं बाहेर पडतात, श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतात. पाठोपाठ इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, नळीच्या आतल्या अस्तराला सूज येते, चिकट कफ साठतो. छातीत सूं-सूं वाजतं, पहाटे धाप लागते.

यातला आवळणारा स्नायू आणि आतली सूज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे पंपाविषयी बोलू तेव्हा हा फरक लागेल.

अशी चुकीची गोळीबारी थांबवणाऱ्याही पेशी शरीरात असतात. त्यांना टी-रेग म्हणतात. त्या शांतता राखतात, थोडक्यात आमच्या मिलिटरी पोलिसांचं काम करतात. या शोधाबद्दल साकागुची, ब्रुंको आणि रॅम्सडेल यांना २०२५ सालचं नोबेल मिळालं. ॲलर्जीत या पेशींचं वजन कमी पडतं. मग प्रश्न असा, की त्यांना प्रशिक्षण कुठे मिळतं? उत्तराचा मोठा भाग आतड्यात आहे, आणि आपल्या विषयाचा धागा इथूनच सुरू होतो.

१९८९ साली डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकाने १९५८ मध्ये एका आठवड्यात जन्मलेल्या १७ हजारांहून जास्त ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागज्वर कमी. त्याचं म्हणणं असं, की लहानपणी भावंडांकडून जंतूंची देवाणघेवाण झाली की पुढे ॲलर्जी कमी होते. यालाच पुढे स्वच्छतेचा सिद्धांत म्हणू लागले.

पण मला सगळ्यात पटलेला पुरावा अमेरिकेतला आहे. इंडियाना राज्यातले आमिश आणि साउथ डाकोटातले हटराइट, दोन्ही मूळचे मध्य युरोपातले, शेतकरी, रक्ताने बरेच जवळचे, आहार सारखाच, मोठी कुटुंबं, घरात मांजर-कुत्री फारशी नाहीत. फरक एकच. आमिश लोक अजून घोड्यांनी नांगरतात, गोठा घराला लागून, पोरं लहानपणापासून गोठ्यात. हटराइटांची शेती यंत्रांनी, गोठे वस्तीपासून दूर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिहिलंय, की आमिश शाळकरी मुलांत दम्याचं प्रमाण सुमारे ५ टक्के आणि हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के. जवळजवळ चौपट. आमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंच्या कवचाचे अंश, म्हणजे एंडोटॉक्सिन, हटराइट घरांच्या तुलनेत सुमारे सात पट निघाले. मग संशोधकांनी दोन्ही घरांतली धूळ उंदरांच्या नाकात घातली. आमिश धुळीने उंदरांचा दमा आटोक्यात राहिला, हटराइट धुळीने नाही.

इथे मला एक सावधानतेचा शब्द घालायचाच आहे. हे ऐकून कुणी "पोरांना धुळीत लोळू द्या" असं म्हणू नका. दिल्लीच्या रिंगरोडवरची डिझेलची काजळी, पुण्यातल्या बांधकामांची सिमेंटची भुकटी, चुलीचा धूर ही गोठ्याची धूळ नव्हे. त्यांनी दमा वाढतो.

दुसरा पुरावा अँटिबायोटिक्सचा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००० ते २०१४ या काळात तान्ह्या बाळांना अँटिबायोटिक देण्याचं प्रमाण खूप खाली आणलं गेलं. त्याच काळात १ ते ४ वर्षांच्या मुलांत दम्याचं नवं निदान हजारी २७ वरून २० वर आलं, म्हणजे सुमारे २६ टक्के घट. त्याच देशातल्या दुसऱ्या अभ्यासात ३१९ बाळांची शी तपासली गेली. ज्यांना पुढे दम्याचा धोका दिसला, त्यांच्या आतड्यांत पहिल्या १०० दिवसांत चार प्रकारचे जिवाणू कमी होते. ते चार जिवाणू उंदरांना दिल्यावर त्यांच्या पिलांच्या फुप्फुसांतली सूज कमी झाली. पहिले १०० दिवस! आपल्याकडे सर्दीला केमिस्टकडून उरलेलं सिरप आणून पाजायची पद्धत अजून गेलेली नाही. पाकीटबंद जिवाणूंवर खर्च करण्याआधी घरातली ही एक सवय मोडली, तर फुकटात काही साधेल असं माझं मत आहे.

आता आतडं आणि फुप्फुस यांचा संबंध कसा, ते बघू. आपण चोथा खातो. तो पचत नाही, मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू तो आंबवतात, आणि ॲसिटेट, प्रोपिओनेट, बुटिरेट अशी छोटी मेदाम्लं तयार होतात. ती रक्तात शिरतात. २०१४ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने उंदरांना चोथा जास्त असलेला आहार दिला. प्रोपिओनेट वाढलं, ते अस्थिमज्जेपर्यंत पोचलं, आणि तिथे तयार होणाऱ्या प्रतिकारपेशी फुप्फुसात गेल्यावर ॲलर्जी भडकवायला कमी उत्सुक निघाल्या. उलट, चोथा कमी दिला तेव्हा ॲलर्जीची सूज वाढली. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या गटाने दाखवलं, की गाभण उंदरीणीला चोथा जास्त दिला तर तिच्या पिलांनाही संरक्षण मिळतं. म्हणजे आतडं आणि फुप्फुस शेजारी नसले तरी त्यांच्यात तार जोडलेली आहे.

एवढं ऐकून कुणालाही वाटेल, की मग काय, चांगले जिवाणू गिळले की दमा गेला. पण हे झाले उंदीर. माणसांचं काय झालं ते सांगतो.

फिनलंडमधल्या तुर्कू शहरात २००१ साली एक गाजलेला प्रयोग झाला. ज्या कुटुंबांत ॲलर्जी आहे अशा गरोदर बायकांना, आणि नंतर बाळांना, लॅक्टोबॅसिलस जीजी नावाचा जिवाणू दिला. दोन वर्षांनी बाळांतल्या ॲलर्जीच्या इसबाचं प्रमाण ४६ टक्क्यांवरून २३ वर, म्हणजे बरोबर निम्म्यावर. जगभर बातम्या झाल्या. पण तीच मुलं सात वर्षांची झाली तेव्हा इसब कमी होतं, दमा मात्र कमी नव्हता.

मग दुसरी गस्त गेली. जर्मनीत तोच जिवाणू, तीच पद्धत, २००८ साली निकाल. इसब दोन्ही गटांत सारखंच, २८ टक्क्यांच्या आसपास. आणि वारंवार घरघर होणारी ब्राँकायटिस प्रोबायोटिक मिळालेल्या बाळांत २६ टक्के, न मिळालेल्यांत ९ टक्के. आकडे लहान गटाचे आहेत, त्यावरून प्रोबायोटिकने घरघर होते असं कुणी म्हणू नये. पण फायदा होतो असं तर मुळीच म्हणता येत नाही. २०१३ साली अशा वीस चाचण्या एकत्र करून मांडलेला आढावा ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तान्हेपणी प्रोबायोटिक देऊन पुढचा दमा टळतो, याला पुरावा नाही, असा त्याचा निकाल. २०१७ साली अमेरिकेतल्या चाचणीत पाच वर्षांपर्यंत दमा झालेली मुलं प्रोबायोटिक गटात सुमारे १० टक्के, दुसऱ्या गटात सुमारे १७. ऐकायला छान, पण मुलं १८४च होती आणि हा फरक योगायोगाने पडू शकतो, असं हिशेबात निघालं.

जागतिक ॲलर्जी संघटनेने २०१५ साली काय सांगितलं? ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांत इसब टाळण्यासाठी प्रोबायोटिकचा विचार करायला हरकत नाही, पण पुरावा अगदी हलक्या प्रतीचा आहे. दम्याच्या प्रतिबंधासाठी मात्र त्यांनीही हिरवा कंदील दाखवला नाही.

हे झालं दमा होऊ नये म्हणून. आता झालेल्या दम्यावर.

इथे चित्र थोडं बरं आहे. तैवानमध्ये २०१० साली १०५ शाळकरी मुलांना आठ आठवडे लॅक्टोबॅसिलस गॅसेरीचा एक वाण दिला, तेव्हा त्यांची लक्षणं आणि श्वासाचे आकडे सुधारले. इटलीत २०२२ साली ४२२ मुलांची चाचणी प्रसिद्ध झाली, दोन जिवाणूंचं मिश्रण नेहमीच्या औषधांच्या जोडीला, आणि दम्याचे झटके लक्षणीय कमी झाले. नेहमीच्या औषधांच्या जोडीला हे शब्द पुन्हा वाचा. या मुलांची औषधं काढून घेऊन त्या जागी जिवाणू दिलेले नव्हते. इटलीचा निकाल मला आशादायक वाटतो, पण दुसऱ्या देशात, दुसऱ्या हवेत आणि दुसऱ्या जेवणावर तेच मिश्रण तसंच वागतं का, हे कळल्याशिवाय मी टाळ्या वाजवणार नाही.

आणि प्रीबायोटिक? ऑस्ट्रेलियात २०१९ साली १७ प्रौढ दमेकऱ्यांना सात दिवस रोज १२ ग्रॅम इन्युलिन दिलं. दम्यावरचं नियंत्रण सुधारलं, थुंकीतले इओसिनोफिल कमी झाले. गंमत म्हणजे इन्युलिनबरोबर प्रोबायोटिकही दिलं तेव्हा तो फायदा तसा दिसला नाही. रसद पाठवली तर जवान खूश, कुमकही सोबत पाठवली तर गडबड. अर्थात १७ माणसं आणि सात दिवस! ही टेहळणी झाली, यावरून मोहीम आखता येत नाही.

१२ ग्रॅम म्हणजे किती, हेही पाहू. कांद्यात साधारण २ ते ६ टक्के इन्युलिनसारखे पदार्थ असतात. म्हणजे नुसत्या कांद्यातून तेवढं मिळवायचं तर रोज पाव किलो ते अर्धा किलोच्या वर कांदा. नाशिककर म्हणतील, आमची हरकत नाही. घरातल्या माणसांची असेल.

माणसामाणसांत निकाल इतके का बदलतात? पहिलं कारण वाण. लॅक्टोबॅसिलस हे फक्त घराणं झालं. मेरठला आमच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात लष्करी कुत्री तयार होतात. लॅब्रॅडोर वासावर स्फोटकं शोधतो, मुधोळ हाउंड धावतो. दोघंही कुत्रीच, पण एकाचं काम दुसऱ्याला सांगून चालत नाही. तसंच तुर्कूच्या जिवाणूचा गुण दुकानातल्या दुसऱ्या वाणाच्या नावावर लिहिता येत नाही. पाकिटावर नुसतं "लॅक्टोबॅसिलस" असेल तर ते "कुत्रा" म्हणण्याइतकंच झालं.

दुसरं कारण यजमान. इस्राएलच्या वाइझमन संस्थेने २०१८ साली निरोगी माणसांची आतडी दुर्बिणीने तपासून दाखवलं, की तेच प्रोबायोटिक काहींच्या आतड्यात तळ ठोकतं आणि काहींच्या आतड्यातले मूळ रहिवासी त्याला उभंही राहू देत नाहीत. त्याच गटाला असंही दिसलं, की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक दिल्याने स्वतःचे जिवाणू पूर्ववत व्हायला उलट उशीर लागला. अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक दिल्याने जुलाब कमी होतात हेही खरं आहे, आणि डॉक्टर त्यासाठीच देतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

तिसरं, वेळ. बाळपणाचे पहिले महिने आणि पंचेचाळिशी यांत फरक असणारच.

योग्य वाण, योग्य वय आणि योग्य रसद जुळली तर काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण आपल्याच देशातलं आहे. विषय दम्याचा नाही, नवजात बाळांच्या जंतुसंसर्गाचा आहे, तरी सांगतो, कारण मला त्याचा अभिमान वाटतो. ओडिशाच्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली. एका निवडक लॅक्टोबॅसिलस प्लांटारमबरोबर त्याचं खाद्य म्हणून फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, फक्त सात दिवस. सेप्सिस आणि मृत्यू यांचं एकत्र प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. श्वसनमार्गाचे संसर्गही कमी झाले. २०१७ साली नेचर मासिकात हे छापून आलं. या गटाने बाजारातलं मिळेल ते पाकीट उचललं नव्हतं. बाळाच्या आतड्यात टिकणारा वाण त्यांनी आधी वर्षानुवर्षं शोधला होता. दम्यासाठी असा वाण अजून कुणाच्या हाती आलेला नाही.

मग आज स्वयंपाकघरात काय करायचं? इंदूरच्या आजोबांसाठी आधी दह्याचं. दूध-दह्याने कफ वाढतो ही समजूत आपल्याकडेही आहे आणि युरोपातही आहे, पण तपासायला गेल्यावर ती टिकलेली नाही. ज्याला दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी आहे त्याने दही टाळायचंच. एखाद्याला स्वतःला दही खाल्ल्यावर त्रास होतो असा पक्का अनुभव असेल, त्यानेही बळजबरी करू नये. बाकी दमेकऱ्यांनी वाटीभर ताजं दही किंवा ताक खायला हरकत नाही. फक्त ते अन्न म्हणून खा. आमच्या लंगरमध्ये सियाचीनच्या पायथ्यापासून जैसलमेरपर्यंत दही लागायचंच, पण त्याला औषध म्हणून हजेरीपटावर कुणी घेतलं नव्हतं.

रसदेच्या बाबतीत आपलं जेवण श्रीमंत आहे, आणि तुम्ही मंडळी देशभर विखुरलेली असल्याने तर अधिकच. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-चवळी-कुळीथ, सालासकट डाळी, कांदा-लसूण, अर्धकच्ची केळी, हिरव्या पालेभाज्या. शिजवून गार केलेल्या भातात आणि बटाट्यात काही स्टार्च न पचणारा होतो, त्यावर जिवाणू पोसतात. ओडिशातली पखाळ, बंगालमधला पांता भात, तमिळनाडूतला पळय सादम, आपली अंबील, ही सगळी त्याच कुळातली. इडली-डोशात मात्र जिवंत जिवाणू उरत नाहीत, वाफेने आणि तव्याने ते मरतात. चवीसाठी खा. दक्षिणेत राहणाऱ्यांना आणखी एक प्रश्न पडेल, फिल्टर कॉफीतली चिकोरी. चिकोरीच्या मुळात इन्युलिन भरपूर असतं हे खरं, पण भाजताना त्यातलं बरंचसं मोडतं, त्यामुळे कॉफीचा कप दम्याच्या खात्यात लिहू नका.

चोथा वाढवायचा तर हळूहळू. एकदम वाटीभर राजमा आणि चमचाभर इन्युलिन सुरू केलं तर पोट नगाऱ्यासारखं होतं, आणि फुगलेलं पोट दमेकऱ्याचा श्वास आणखी अडवतं. संवेदनशील आतड्याचा विकार असलेल्यांना तर कांदा-लसूणही झेपत नाही.

आता धोका. निरोगी माणसाला प्रोबायोटिकचा सहसा अपाय होत नाही. पण सगळेच निरोगी नसतात. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेच्या सुमारे ३०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्रोबायोटिक मिळालेल्या गटात २४ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात ९. हा निकाल २००८ सालचा. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रुग्णालयात प्रोबायोटिक देण्याबाबत इशारा दिला. प्रतिकारशक्ती दबलेली असेल, केमोथेरपी चालू असेल, दम्यासाठी तोंडाने स्टेरॉइड दीर्घकाळ घेत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिवंत जिवाणू गिळू नका.

आणि आता हैदराबादकरांचा पंप.

मघाशी म्हटलं, दम्यात स्नायू आवळतो आणि अस्तर सुजतं. निळा पंप, म्हणजे सालब्युटामॉल, स्नायू सैल करतो. पाच मिनिटांत बरं वाटतं आणि माणूस समजतो, काम झालं. पण सूज तशीच असते. सूज उतरवतं ते श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड. ते हळू काम करतं, त्याचा आवाज होत नाही, म्हणून लोक तेच आधी बंद करतात. २०१९ पासून दम्यासाठीची जागतिक मार्गदर्शिका, जिना, स्पष्ट सांगते, की मोठ्यांनी आणि किशोरवयीनांनी नुसत्या निळ्या पंपावर विसंबू नये, प्रत्येकाच्या उपचारात श्वासातलं स्टेरॉइड असावं. स्टेरॉइड म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात. पण पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीतली मिलिग्रॅममध्ये. हजार पटीचं एकक आहे. पंपाची सवय लागते हाही गैरसमज. चष्म्याची लागते तेवढीच.

जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. आपला दमा काही वेगळ्या जातीचा नाही. आपण निदान उशिरा करतो आणि श्वासातलं औषध टाळतो.

माझ्या पलटणीतले एक सुभेदारसाहेब निवृत्तीनंतर गावी गेले. दमा चाळिशीनंतर सुरू झालेला, पंपावर उत्तम चाललेलं, रोज चार किलोमीटर चालायचे. कुणीतरी त्यांना जिवाणूंच्या कॅप्सूल दिल्या आणि सांगितलं, तीन महिन्यांत फुप्फुसं नवी होतील, पंप ठेवून द्या. पहिला महिना काही झालं नाही. सूज हळूहळू वाढते, तिला घाई नसते. दुसऱ्या महिन्यात, ज्वारीची मळणी चालू असताना, रात्री श्वास इतका अडकला की तालुक्याला नेईपर्यंत ओठ निळे पडले होते. सहा दिवस अतिदक्षता विभागात. वाचले. त्यांच्या सौभाग्यवतींनी मला फोनवर सांगितलं, "साहेब, कॅप्सूल वाईट नव्हत्या हो, पंप कपाटात होता हे वाईट." याहून नेमकं निदान मी कुणा तज्ज्ञाकडूनही ऐकलेलं नाही.

तेव्हा उत्तर असं. पंप कधी कमी करायचा हे पीक-फ्लो मीटर, स्पायरोमेट्री आणि तुमचे डॉक्टर ठरवतील, कॅप्सूलची बाटली नाही. दमा काही महिने पूर्ण आटोक्यात असेल तर डॉक्टर मात्रा स्वतःच पायरीपायरीने खाली आणतात.

बडोद्याच्या ताईंसाठी थोडं हिशेबाचं. मुलाचा पंप आणि स्पेसर नियमित चालू असेल, घेण्याची पद्धत डॉक्टरांनी डोळ्यांसमोर तपासलेली असेल, आणि त्यानंतरही हातात पैसे उरत असतील, तर आठ-बारा आठवडे पाकीट वापरून बघायला विरोध नाही. पण आधी पाकिटावर चार गोष्टी वाचा. जिवाणूचं पूर्ण नाव, त्यापुढे वाणाचा क्रमांक किंवा अक्षरं, मुदत संपण्याच्या दिवशीही जिवंत राहणारी संख्या, आणि साठवणीचं तापमान. थंडीत ठेवायचं लिहिलं असेल आणि दुकानदाराने ते मे महिन्यात काउंटरवरच्या बरणीतून काढून दिलं, तर आत बहुतेक मृतदेहच असतील. आणि एक वही करा. रोज रात्री खोकला आला का, निळा पंप किती वेळा लागला, शाळा किती दिवस बुडली. पाकीट सुरू करण्याआधीचा महिनाही लिहा. बारा आठवड्यांनी वहीत फरक दिसला नाही, तर पाकीट बंद करा आणि तेवढ्या पैशांत गादी-उशीला धूळकिड्यांची खोळ आणा.

त्या खोळीचा आणि धूळकिड्यांचा विषय मोठा आहे. लडाखच्या कोरड्या हवेत हे किडे जगत नाहीत आणि मुंबईच्या पावसाळ्यात ऊतू जातात, त्यामागचं कारण आणि घरातल्या आर्द्रतेचं गणित पुढच्या भागात. जय हिंद.